वारीत जमतं, ते घरी का जमत नाही?

माळशिरसचा मुक्काम हलवून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरच्या वाटेला लागते, तोवर आळंदी सोडून दोन आठवडे होत आलेले असतात. खुडूसचं रिंगण होतं. धावाबावीच्या उतारावरून लोक पळत सुटतात. तुकोबांना इथूनच पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी श्रद्धा आहे. संध्याकाळी अर्धनारीनटेश्वराचं वेळापूर राहुट्यांनी आणि माणसांनी भरून जातं.

या गर्दीत नीट पाहिलं तर एक कोडं सापडतं. घरी सातच्या आत अंथरूण न सोडणारा माणूस इथं पहाटे तीनला टँकरच्या गार पाण्यानं अंघोळ उरकून तयार असतो. आयुष्यात कधी स्वतःचं ताट न उचललेले गृहस्थ पंगतीतल्या पत्रावळी गोळा करत असतात. जेवणानंतर ज्याला मोबाइल लागतोच, त्याला हरिपाठाच्या वेळी तो कुठल्या पिशवीत आहे हेही आठवत नाही. बोलणंसुद्धा बदलतं. घरी ‘ए, सरक की’ म्हणणारा इथं अनोळखी माणसाला ‘माउली, जरा वाट द्या’ म्हणतो.

मग आषाढी होते, पौर्णिमेला गोपाळकाला होतो आणि माणूस एसटीनं गावी परततो. आठ-दहा दिवसांत गजर बंद करून पुन्हा झोपणं सुरू, ताट जागेवर, मोबाइल उशाशी. यावर घरातल्या बायकांचा एक ठरलेला टोमणा असतो : ‘तिथं बरं जमतं, इथंच काय होतं?’ टोमणा म्हणून तो बोचतो, पण प्रश्न म्हणून अगदी अचूक आहे. माणूस तोच, वय तेच, गुडघे तेच. मग तिथं काय असतं जे इथं नसतं?

भक्ती, असं एक उत्तर मिळतं. पण भक्ती काही परतीच्या एसटीत विसरून येत नाही. ती घरीही असते, देवघरात दिवा लागतोच. दुसरं उत्तर इच्छाशक्तीचं : ‘मनावर घेतलं पाहिजे.’ हे सगळ्यांना पाठ आहे आणि त्याचा उपयोग फारसा कुणाला झालेला नाही. खरं उत्तर जरा खालच्या पातळीवर, वारीच्या व्यवस्थेत आहे.

तीन कर्णे

पालखीतळावर पहाटे कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला आवराआवर करायची, दुसऱ्याला दिंड्यांनी आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. रथापुढे सत्तावीस दिंड्या असतात, बाकीच्या रथामागे. प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, चालण्याची जागा ठरलेली. सकाळी कुठले अभंग, दुपारी काय, संध्याकाळी काय, हेही ठरलेलं. आजची ही घडी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी बसवली. ते आधी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, त्यामुळे सोहळ्यात फौजेची शिस्त उतरली असं म्हटलं जातं. तीन कर्ण्यांकडे पाहिलं की ते पटतं.

या घडीत वारकऱ्याला दिवसभरात फार थोडे निर्णय घ्यावे लागतात. उठायचं की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही. कर्णा वाजला, शेजारचे उठले, तंबू उतरू लागला. आता झोपून राहायचं म्हटलं तरच काही वेगळं करावं लागेल. घरी नेमकं उलटं असतं. तिथं उठणं हे रोज नव्यानं जिंकायचं भांडण असतं, आणि तेही एकट्यानं, अर्धवट झोपेत.

सवयींचा अभ्यास करणारे लोक सवयीचे तीन भाग सांगतात. आधी एक खूण असते : वेळ, जागा, आवाज, वास किंवा एखादा माणूस. खुणेपाठोपाठ कृती होते. कृतीनंतर काहीतरी समाधान मिळतं, मग ते तलफ भागण्याइतकं क्षणिक का असेना. हे तिन्ही एकाच क्रमानं पुन्हा पुन्हा घडले की खूण दिसताच कृती आपोआप होऊ लागते, मधे विचार लागत नाही. जेवण झालं की हात खिशातल्या डबीकडे जातो, तळहातावर तंबाखू येते, चुना लागतो, मळणं सुरू होतं. ‘आता खाऊ का?’ असं मनाला कुणी विचारलेलंच नसतं.

दारं धरणारा मेंदू

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांना इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या बोळात सोडलं. एक आवाज ऐकून डावीकडे किंवा उजवीकडे वळायचं, की खाऊ मिळायचा. सुरुवातीला उंदराच्या मेंदूच्या आतल्या भागातल्या पेशी सगळी वाट संपेपर्यंत जोरात काम करत. सराव झाल्यावर त्या फक्त सुरुवातीला आणि शेवटी जाग्या होत, मधल्या टप्प्यात जवळजवळ गप्प. वळणावळणाचं काम एक सबंध तुकडा होऊन बसलं होतं. मेंदूच्या या भागाला बेसल गँग्लिया म्हणतात, आणि सवयी बसवण्याचं बरंचसं काम तो करतो.

माळशिरस तालुक्यात हे समजावणं सोपं आहे, कारण इथं उसाला दारं धरलेली असतात. पाणी सोडलं की ते आधी खोदलेल्या पाटानंच जातं. पाटापुढे उभं राहून त्याला ‘इकडून जाऊ नकोस’ म्हणून उपयोग नसतो, आणि हातानं अडवायला गेलात तर दोन मिनिटांत बाजूनं वाट काढतं. इच्छाशक्ती म्हणजे हे हातानं अडवणं. शहाणा शेतकरी नवा पाट पाडतो, त्याचं तोंड उघडतो आणि जुन्याच्या तोंडावर मातीचा बांध घालतो. जुना पाट मात्र जागेवरच राहतो. चार वर्षं कोरडा पडला, गवत वाढलं, तरी बांध फुटला की पाणी पुन्हा त्यातूनच वाहतं. म्हणून दहा वर्षांपूर्वी सुटलेली विडी एखाद्या लग्नात, जुन्या मित्रांच्या घोळक्यात अचानक हातात येते. त्यात माणूस लबाड निघाला असं काही नसतं. जुनी खूण जशीच्या तशी समोर आलेली असते.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना दिवसभर ठरावीक वेळानं ‘आत्ता काय करताय, कशाचा विचार करताय’ याची नोंद करायला सांगितलं होतं. साधारण ४३ टक्के कृती जवळजवळ रोज, त्याच ठिकाणी आणि बहुधा मन दुसरीकडे असताना होत होत्या.

शिळे पॉपकॉर्न, परतलेले सैनिक

जागेचा प्रभाव किती असतो, हे सांगणारा एक गमतीदार प्रयोग डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. सिनेमाला आलेल्यांना त्यांनी फुकट पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना सात दिवसांचे शिळे. ज्यांना सिनेमा पाहताना पॉपकॉर्न खायची सवय नव्हती, त्यांनी शिळे कमी खाल्ले. सवय असलेल्यांनी मात्र शिळेही ताज्यांइतकेच संपवले, आणि ते चांगले नव्हते असंही सांगितलं! हाच प्रयोग सभेच्या खोलीत केला, तेव्हा सवयीच्या लोकांनीही शिळे कमीच खाल्ले. सिनेमागृहातच, पण एरवीच्या उलट हातानं खायला लावलं, तरी सवय मोडली. अंधार, पडदा, खुर्ची आणि नेहमीचा हात या खुणा होत्या. त्यातली एक जरी हलली तरी विचाराला शिरायला फट मिळते.

दुसरं उदाहरण गंभीर आहे. व्हिएतनामच्या युद्धात अनेक अमेरिकी सैनिकांना हेरॉइनचं व्यसन लागलं होतं. ते मायदेशी आल्यावर काय होईल या धास्तीनं सरकारनं संशोधक ली रॉबिन्स यांच्याकडे पाहणी सोपवली. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा त्यांनी माग काढला. तिथं व्यसनी झालेल्यांपैकी परतल्यावरच्या पहिल्या वर्षभरात पुन्हा व्यसनी झालेले अवघे ५ टक्क्यांच्या आसपास होते. हेरॉइनबाबत हा आकडा कुणालाच खरा वाटेना. पण व्यसन ज्या तंबूत, ज्या भीतीत, ज्या सोबत्यांत जडलं, ते सगळंच मागे राहिलं होतं.

वारकऱ्याच्या बाबतीत हेच उलट्या दिशेनं घडतं. चांगल्या सवयीच्या खुणा वाटेवर राहतात आणि तो वाईट सवयीच्या खुणांमध्ये परत येतो : तीच टपरी, तोच कट्टा, तोच टीव्हीसमोरचा सोफा. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा पसाराही हेच सांगतो. माणसाला काही आठवडे आत ठेवून दारू थांबवणं हा कामाचा एक भाग. बाहेर पडल्यावरचा पाठपुरावा, गावोगावच्या सभा, बायकांचा वेगळा गट हा दुसरा. माझ्या मते अवघड काम दुसरंच आहे, कारण खरी परीक्षा घराच्या उंबऱ्याशी सुरू होते.

एक गोष्ट मात्र वारीनंतरही टिकते : तुळशीची माळ. ज्यानं माळ घातली तो घरी परतल्यावरही मांस-दारूपासून सहसा दूर राहतो, एकादशी धरतो. माळ ही गळ्यातली खूण आहे. ती वाटेवर राहत नाही, सोबत येते. शिवाय ती चारचौघांना दिसते. ‘मी सोडायचा प्रयत्न करतोय’ असं म्हणणाऱ्याला मित्र आग्रह करतात. ‘मी माळकरी आहे’ म्हटल्यावर आग्रह करणाऱ्यालाच संकोच वाटतो.

एकवीस दिवसांची वावडी

एकवीस दिवस केलं की सवय लागते, असं व्याख्यानांतून, भिंतींवरच्या पोस्टरांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं जातं. त्याचा उगम एका प्लॅस्टिक सर्जनकडे जातो. न्यूयॉर्कचे मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान एकवीस दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळालं, चेहरा गळाला, आकडा उरला.

मोजून पाहिलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी गोष्ट निवडली : नाश्त्यानंतर पाणी पिणं, जेवणाबरोबर फळ खाणं, व्यायाम असं काही. रोज तीच खूण, तीच कृती, बारा आठवडे. ती आपोआप घडू लागायला लागलेला मधला काळ निघाला ६६ दिवसांचा. पण माणसामाणसांत फरक प्रचंड होता. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला गणितानुसार २५४ लागले असते. ‘गणितानुसार’ म्हणायचं कारण, अभ्यास चौऱ्याऐंशी दिवसांतच संपला होता. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला वेळ लागला.

या अभ्यासातला सर्वांत उपयोगी निष्कर्ष फारसा कुणी सांगत नाही. एखादा दिवस चुकला तर सवय बसण्यावर म्हणावा असा परिणाम होत नाही. आपल्याकडे ‘खंड पडला’ की माणूस व्रत मोडल्यासारखा हताश होतो आणि सगळंच सोडून देतो. नुकसान होतं ते त्या सोडून देण्यानं.

> चौकट : एक वाक्य बांधून ठेवा
>
> ‘उद्यापासून व्यायाम करीन’ हा संकल्प हवेत राहतो, कारण त्यात खूण नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा बांधणीचं वाक्य सुचवलं. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या इराद्यापेक्षा अशा वाक्यानं काम तडीस जाण्याचं प्रमाण चांगलंच वाढतं, असं दिसलं.
>
> जेवून हात धुतले की डबीऐवजी बडीशेप हातात घेईन.
> संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की फोन फ्रिजवर ठेवीन.
> पोरानं उलट उत्तर दिलं की आधी पाण्याचा घोट घेईन, मग बोलीन.
>
> खूण रोज नक्की घडणारी असावी. ‘वेळ मिळाला की’ ही खूण नव्हे.
> तंबाखू सोडायची असेल तर पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

न थांबणारा टाळ

आता त्या टोमण्याची दुसरी बाजू : तो मारावाच का लागतो? घरात आणि कामावर जे बोलायचं असतं ते वेळेवर, धड शब्दांत बोललं जात नाही, हीही एक सवयच आहे. वारीनं तिच्यावर काढलेला तोडगा मला तीन कर्ण्यांहून अधिक कौतुकाचा वाटतो.

संध्याकाळी पालखी तळावर पोचली की दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. शेकडो टाळ-मृदंग घुमत असतात. मग सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंच धरून हाळी देतात आणि तो सगळा आवाज क्षणात थांबतो. ज्यानं हे ऐकलंय त्याला ती शांतता विसरता येत नाही. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तिचे टाळ थांबत नाहीत. सगळं गप्प आणि एका कोपऱ्यात टाळ चालूच. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, काय झालं ते विचारतात. वाटेत धक्काबुक्की झाली, कुणी क्रम मोडला, पाण्याचा टँकर आला नाही. तक्रारीचा निवाडा झाला, की ते टाळही थांबतात. मग हरवले-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याची निघायची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. हिला समाजआरती म्हणतात.

यातली कारागिरी बारकाईनं पाहण्यासारखी आहे. तक्रारीची वेळ रोजची आणि ठरलेली आहे. त्यामुळे दुपारच्या उन्हात, चालता चालता, डोकं तापलेलं असताना भांडण काढायची गरज उरत नाही. संध्याकाळी ऐकून घेतलं जाणार याची खात्री असते. टाळ वाजत राहण्यात कुणावर आरोप नसतो, कुणाचं नाव घेतलेलं नसतं. ‘आमचं काहीतरी राहिलंय’ एवढंच त्यातून कळतं. ऐकणारा माणूस तक्रारीतला वादी-प्रतिवादी नसतो. आणि आरती सगळ्यांची खोळंबलेली असते, त्यामुळे बाकीच्यांनाही त्या एका दिंडीचं लवकर मिटावंसं वाटतं. तक्रार करणारा इथं गोंधळ घालणारा ठरत नाही; तक्रारीला सोहळ्याच्या क्रमातच जागा दिलेली आहे.

आपल्या घरात तक्रारीची वेळ कोणती? बहुतेक वेळा ती जेवणाच्या ताटावर येते, नाहीतर सकाळी डबा भरताना, नाहीतर पाहुण्यांसमोर. म्हणजे ऐकायला कुणी मोकळं नसतं, नेमकं तेव्हा.

आपल्या माणसाला कळतंच की!

तक्रार बोलली तरी ती पोचतेच असं नाही. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीनं एक प्रयोग केला. एकानं ओळखीच्या गाण्याची चाल बोटांनी टेबलावर वाजवायची, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्मी तरी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द, सूर, सगळं घुमत असतं. समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. आपल्याला ऐकू येणारं समोरच्यालाही ऐकू येतंय, हा भ्रम फार चिवट असतो.

परक्यांपेक्षा घरच्यांत तरी तो कमी असावा? केनेथ साविट्स्की, बोआझ कायसार आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात नवरा-बायकोंना एकमेकांकडे पाठ करून बसवलं आणि दोन-तीन अर्थ निघतील अशी रोजची वाक्यं बोलायला दिली. जोडीदाराच्या वाक्याचा अर्थ ओळखण्यात ते अनोळखी माणसांपेक्षा सरस ठरले नाहीत. पण आपलं म्हणणं जोडीदाराला कळलं असणारच, याची खात्री त्यांना कितीतरी जास्त होती. जवळीक वाढते तशी खात्री वाढते, कळणं वाढतंच असं नाही.

‘आज उशीर झाला?’ हे वाक्य घ्या. यात काळजी असू शकते, चौकशी असू शकते आणि सरळ फटकाराही असू शकतो. बोलणाऱ्या बाईच्या मनात दिवसभराची चाल वाजत असते : सासूबाईंचं पथ्य, मुलीची परीक्षा, एकटीनं आणलेला बाजार. ऐकणाऱ्याला तीन शब्द ऐकू येतात, आणि तो स्वतःच्या दिवसाच्या चालीवर ते बसवून उत्तर देतो : ‘मग काय, मुद्दाम करतो का?’ पुढचं ज्याच्या त्याच्या घरी माहीत आहे.

यावर उपाय साधा आहे आणि घरच्या माणसांत तो करायला विलक्षण संकोच वाटतो. चाल वाजवू नका, शब्द म्हणा. ‘मला एकटीला सगळं झेपलं नाही आज, उद्या बाजार तुम्ही आणाल का?’ ऐकणाऱ्यानं उत्तराआधी आपल्याला काय कळलं ते बोलून दाखवायचं : ‘म्हणजे बाजाराचं माझ्याकडे, बरोबर?’ पहिल्या आठवड्यात हे नाटकी वाटतं. वारीत पहिल्यांदा अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणतानाही जीभ अडखळतेच.

त्या ‘माउली’चा वाटाही मोठा आहे. सिअ‍ॅटलचे जॉन गॉटमन नवदांपत्यांचे वाद चित्रित करून अभ्यासत. सिबिल कारेअर यांच्यासोबत १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १२४ जोडप्यांच्या अभ्यासात त्यांना दिसलं, की वादाच्या पहिल्या तीन मिनिटांचा सूर आणि पुढच्या सहा वर्षांत लग्न टिकणं यांचा संबंध आहे. घटस्फोटाचं भाकीत करण्याच्या त्यांच्या दाव्यांवर नंतर शंका घेतल्या गेल्या, आणि त्या रास्त आहेत. पण कडवटपणे सुरू झालेलं बोलणं सहसा कडवटपणेच संपतं, यासाठी फार संशोधनाची गरज नाही. गर्दीत पाय तुडवला गेल्यावर ‘माउली’ हा शब्द आधी तोंडात आला, की पुढची शिवी जरा अवघडते.

घरचा चोपदार

अडचण अशी की घरात चोपदार नसतो. पूर्वी थोरल्या काकांकडे ते काम असे म्हणतात, पण थोरले काका बऱ्याचदा स्वतःच वादात एक पक्ष असत, आणि सुनांचा टाळ त्यांना ऐकू जातच नसे. त्या व्यवस्थेसाठी उसासे टाकायचं कारण नाही.

माणूस नसेल तर वेळेला चोपदार करावं लागतं. आठवड्यातली एक संध्याकाळ, समजा गुरुवारी जेवणं आटोपल्यावर, वीस मिनिटं. टीव्ही बंद, फोन फ्रिजवर. लहान मुलापासून सुरुवात, कारण मोठ्यांचं ऐकल्यावर लहान बोलत नाहीत. एका वेळी एकाचं एकच गाऱ्हाणं. ते पुरतं ऐकून झाल्याशिवाय उत्तर नाही, आणि मागच्या दिवाळीचं उकरून काढायचं नाही. मधल्या दिवसांत काही खटकलं तर ‘हे गुरुवारी’ एवढंच म्हणायचं. निम्म्या गोष्टी गुरुवार येईतो विरून जातात. ज्या उरतात त्या खरोखर बोलण्यासारख्या असतात. हीसुद्धा सवयच, तेव्हा तिलाही खूण हवी आणि तिलाही महिने लागणार. पहिले दोन-तीन गुरुवार कुणीच काही बोलणार नाही. त्यावरून ‘आमच्याकडे काही प्रॉब्लेमच नाही’ असं समजू नये.

एक मर्यादा इथं स्पष्ट सांगायला हवी. जिथं मारहाण आहे, धाक आहे, दारू पिऊन घरी येणं आहे, तिथं गुरुवारच्या बैठकीचा उपयोग नाही. ज्याच्या हातात काठी आहे त्याच्यासमोर टाळ वाजवत राहायला सांगणं हा क्रूरपणा ठरेल. तिथं बाहेरचाच माणूस लागतो : १८१ ही महिला हेल्पलाइन, पोलीस, व्यसनमुक्ती केंद्र.

साहेबांनी उठून जायचं असतं

कामाच्या जागी हाच धाक सौम्य रूपात असतो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधं देण्यातल्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले : चांगल्या गटांत चुकांच्या नोंदी जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथं चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. बोललं तर अंगाशी येणार नाही, ही खात्री तिथल्या परिचारिकांना होती. बाकीच्या विभागांत चुका झाकल्या जात होत्या. साखर कारखान्यात, दूध संस्थेत, शाळेच्या शिक्षकखोलीत ‘आमच्याकडे तक्रारी नाहीत’ असं कुणी अभिमानानं सांगितलं, की मला हा अभ्यास आठवतो.

बोलण्याची अशी जागा मुद्दाम तयार करता येते. जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेच्या वेळी तपासायची एकोणीस मुद्द्यांची यादी केली. छेद देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं, हा त्यातला एक मुद्दा. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. २००९ मध्ये निष्कर्ष आले : मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय नाव सांगण्याला देता येणार नाही. यादीत इतरही बरंच आहे. पण एकदा तोंड उघडलेली कनिष्ठ परिचारिका पुढे ‘डॉक्टर, थांबा’ म्हणायला कमी कचरते, ही त्यामागची कल्पना. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं हीच यादी सगळ्या रुग्णालयांना लागू केली. २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचे आकडे आले, तर मृत्यूंत लक्षणीय फरक नव्हता. वरून आलेला कागद खूण करून फाइलला लागतो, तेवढ्यानं कुणाची भीड चेपत नाही.

समाजआरतीत चोपदार चालत त्या दिंडीपाशी जातात, दिंडीला पुढे बोलावलं जात नाही. केबिनमध्ये बोलावून ‘सांगा, काय तक्रार आहे’ म्हटल्यावर शिपाई ‘काही नाही साहेब’ म्हणतो, आणि त्याचं म्हणणं टपरीवर ऐकायला मिळतं. तेव्हा पर्यवेक्षकानं, मुख्याध्यापकानं, चेअरमननं आठवड्यातून एकदा माणसं काम करतात तिथं जावं. ‘काही अडचण?’ असं न विचारता ‘या आठवड्यात काय अडलं?’ असं विचारावं. पहिल्याला ‘नाही’ हे उत्तर तयारच असतं. ऐकलेलं लिहून घ्यावं, आणि पुढच्या बैठकीत इतर काही बोलण्याआधी मागच्या नोंदींचं काय झालं ते वाचून दाखवावं. जे झालं नाही तेही, कारणासकट.